पाकिटांचे फोटो जाहिरातीसारखे दिसतायत? आधी त्यांच्या चुण्या परत येऊ देत

प्रश्न थोडक्यात असा आहे की सासूबाई १९८३ मध्ये न्यू जर्सीत आल्या, तेव्हापासूनची मसाल्यांची, पापडांची, बिस्किटांची रिकामी पाकिटं त्यांनी बेसमेंटमध्ये दोन मोठ्या डब्यांत जपून ठेवलीयेत, तुला त्यांच्यावर फोटोंची सिरीज करायचीये, पांढऱ्या कागदावर ठेवून चाळीसेक फोटो काढून झालेत आणि सगळे दुकानाच्या कॅटलॉगसारखे दिसतायत, काय चुकतंय. मला ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते.

मी मुंबईत सहा वर्षं पॅकशॉट, म्हणजे जाहिरातींसाठी पाकिटांचे फोटो, केलेत, मग सतरा वर्षं जर्सीत राहिले आणि तिथे हेच काम केलं, म्हणजे लोकांच्या घरातली पाकिटं, डबे, बरण्या, आता पुण्यात असते. त्यामुळे तुझ्या फोटोत काय झालंय ते मला लगेच दिसलं. पॅकशॉटमध्ये पाकीट टेबलावर आलं की पहिलं काम म्हणजे त्याच्यावरची माणसांची सगळी खूण घालवणं. आत थर्माकोलचे दाणे भरून फुगवायचं, मागची शिवण लपवायची, चुणी पडली असेल तर दुसरं पाकीट मागवायचं, बॅच नंबर आणि एमआरपी कॉम्प्युटरवर उडवायची. तू नकळत अगदी तेच केलंयस. पापडाच्या पिशवीवर मधोमध आडवी रेघ दिसतेय, म्हणजे तिला वर्षानुवर्षं रबरबँड होता आणि तू तो काढून ठेवलास. गोड्या मसाल्याचं पाकीट हाताने सपाट केलंयस, वरचा दुमडलेला कान उघडलायस. तो कान सासूबाईंनी दुमडला होता ना! कोणी तीन वेळा दुमडतं आणि कपडे वाळत घालायचा चिमटा लावतं, कोणी मेणबत्तीवर कड वितळवून चिकटवतं, कोणी टाचणी टोचतं. पाकीट कंपनीने लाखोंनी छापलं, पण ती घडी एका बाईची आहे, आणि तुझ्याकडे फोटो काढण्यासारखं जे काही आहे ते त्या घडीत आहे.

अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचे कॅम्पबेल कंपनीच्या सूपचे डबे सगळ्यांना माहितीयेत, १९६२ ची ती ३२ चित्रं, कारण तेव्हा त्या कंपनीची ३२ प्रकारची सुपं मिळायची. त्या ३२ मधला एकही डबा उघडलेला नाही, सगळे शेल्फवरचे. त्याच वर्षी त्याने लेबल फाटून लोंबणारा डबाही रंगवला आणि मला स्वतःला तो जास्त जवळचा वाटतो. आपल्यासारख्या कामात सुरुवात त्या फाटक्या लेबलापासून होते. ब्रँड ओळखू आला की बघणाऱ्याला दोन सेकंद बरं वाटतं, 'अरे हे आमच्याकडेपण होतं' म्हणतो आणि पुढे जातो. मला त्याला तिथे थांबवायचं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्टिकर. तुझ्या फोटोंमध्ये कमीत कमी सहा पाकिटांवर मागच्या बाजूला पांढरा चौकोनी स्टिकर आहे, काळ्या अक्षरातला, पोषणमूल्यांचा तक्ता आणि खाली आयात करणाऱ्याचं नाव-गाव. तू त्या बाजूचे फोटो फक्त नोंद म्हणून काढलेत आणि सिरीजमधून वगळलेत. उलट कर. तो स्टिकर म्हणजे पाकीट परदेशात शिरलं त्या क्षणाचा शिक्का आहे, आणि तो बहुतेक वेळा नेमका मराठी-हिंदी मजकुरावर चिकटवलेला असतो, कारण मागच्या बाजूला रिकामी जागा तेवढीच मिळते. 'कृती' या शब्दातला 'कृ' दिसतोय आणि 'ती' स्टिकरखाली गेलीये, असं एक थालीपीठ भाजणीचं पाकीट माझ्याकडे आहे. मी त्या एका पाकिटाचे चार वर्षांत पाच वेगवेगळे फोटो काढलेत आणि अजून समाधान नाही.

आणि कृपा करून तो सोलू नकोस. मी पहिल्या वर्षी एका कोकमाच्या पिशवीवरचा स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून सोलला, खाली काय लिहिलंय ते बघायचं म्हणून. खालची छपाई स्टिकरबरोबर निघून आली, दोन्ही गेलं. ती पिशवी ज्यांची होती त्या काकू काही बोलल्या नाहीत, फक्त उचलून परत डब्यात ठेवली. मला अजून ते आठवतं.

पाकिटं वाचायला शीक, फोटो त्यानंतर. मी प्रत्येक पाकिटाची आधी वयनिश्चिती करते, आणि त्यातूनच कुठून, किती जवळून, कुठल्या बाजूने काढायचं ते सुचत जातं. पत्त्यात 'बॉम्बे' असेल तर साधारण १९९५ च्या आधीचं, कारण त्या वर्षी नाव मुंबई झालं, पण छापून ठेवलेली पाकिटं संपेपर्यंत वापरली जातात त्यामुळे थोडं पुढेमागे धर. पिनकोड १९७२ पासून. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका २००१ पासून, म्हणजे ठिपका नसलेलं शाकाहारी पाकीट दिसलं की ते बहुधा त्याआधीचं. एफएसएसएआयचा, म्हणजे भारताच्या अन्नसुरक्षा खात्याचा, १४ आकडी लायसन्स नंबर त्यानंतरच्या काळातला, मूळ कायदा २००६ चा आहे. रुपयाचं नवं चिन्ह २०१० मध्ये आलं. अमेरिकेकडची बाजू बघायची तर पोषणाचा तो ठरावीक चौकटीतला तक्ता १९९४ पासून सक्तीचा झाला, २०१६ मध्ये एफडीएने (तिथल्या अन्न आणि औषध खात्याने) तो बदलला आणि मोठ्या कंपन्यांना २०२० पर्यंत मुदत दिली, नव्यात कॅलरीचा आकडा एकदम ठळक असतो आणि वरून घातलेल्या साखरेची वेगळी ओळ असते. सासूबाईंच्या डब्यात हे दोन्ही तक्ते सापडतील, बाजूबाजूला ठेव.

त्यातलं मला सगळ्यात जास्त हलवून गेलेलं म्हणजे तीळ. १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत तीळ हा नववा मोठा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, धरला जातो, त्यामुळे आता तिथल्या तिळाच्या लाडवांच्या, वड्यांच्या पाकिटावर बऱ्याचदा 'यात तीळ आहेत' अशी सूचना छापलेली असते. सूचना योग्यच आहे, ज्यांना त्रास होतो त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. पण संक्रांतीला ज्या गोष्टीबरोबर आपण 'गोड बोला' म्हणतो तिच्याखाली धोक्याची ओळ वाचताना माझ्या आत काहीतरी हललं. याचा फोटो काढताना मी फक्त ती ओळ शार्प ठेवली, बाकी पाकीट धूसर जाऊ दिलं.

एक खूण तुला कोणी सांगणार नाही. एमआरपी बघ. निर्यातीसाठी भरलेल्या पाकिटावर सहसा रुपयांतली किंमत नसते, कारण ते भारतात विकायचंच नसतं. त्यामुळे जर्सीतल्या घरात एमआरपी छापलेलं आणि स्टिकर नसलेलं पाकीट मिळालं तर ते जवळपास नक्की कोणाच्या तरी बॅगेतून आलंय, आधी ३२ किलोच्या दोन बॅगा मिळायच्या, नंतर २३ च्या झाल्या, त्या वजनात साड्या, औषधं, पुस्तकं सगळं तोलून मग हे बसवलेलं असतं. कंटेनरने आलेलं पाकीट आणि माणसाने आणलेलं पाकीट, या दोन ढिगांत सगळं संकलन विभागून बघ. मी माझी पूर्ण मांडणी यावरच केली. बॅगेतल्या पाकिटांना कोपऱ्यात गोल दाब असतात, कपड्यांच्या वजनाने आलेले, आणि बऱ्याचदा बाहेरून दुसऱ्या प्लास्टिक पिशवीची गाठ असते, साडीच्या दुकानाची पिशवी वगैरे, कारण मसाल्याचा वास कपड्यांना लागू नये. ती दुकानाची पिशवी टाकून देऊ नकोस.

तिसरा ढीगही निघेल. स्वाद, दीप, लक्ष्मी हे तिथल्याच मंडळींनी उभे केलेले ब्रँड, यातला स्वाद पटेल ब्रदर्स या तिथल्या भारतीय किराणा दुकानांच्या साखळीच्याच कुटुंबाचा, ज्यांचं पहिलं दुकान १९७४ मध्ये शिकागोच्या डेव्हॉन अव्हेन्यूवर सुरू झालं. ही पाकिटं भारतात कोणी पाहिलेलीसुद्धा नसतात, ती फक्त परदेशातल्या आपल्या लोकांच्या आठवणीत आहेत. एडिसन-आयझलिनच्या ओक ट्री रोडवर वाढलेल्या मुलांना विचार, त्यांच्यासाठी 'घरचं' पाकीट हेच आहे. त्यांना पार्ले-जीच्या जुन्या मेणकागदाच्या पुड्याने काहीच होत नाही, आपल्याला होतं. दोन्ही खरं आहे आणि सिरीजमध्ये दोन्ही हवं.

आता एक जरा अवघड मुद्दा. मराठी घरात छापील पाकिटापेक्षा घरून आलेली पुडी जास्त असते. सासूबाई आल्या त्या काळात तिथल्या दुकानात गुजराती आणि पंजाबी माल भरपूर असायचा पण मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ, उपासाची भाजणी यांची वानवाच होती, त्यामुळे ते सगळं आई-सासू-नणंद यांच्याकडून वर्तमानपत्रात गुंडाळून यायचं. म्हणजे वर्तमानपत्र हेच पॅकेजिंग. माझ्याकडे एका मावशींनी दिलेला मेतकुटाच्या पुडीचा कागद आहे, त्यावर तेलाचा डाग पारदर्शक झालाय आणि त्यातून मागच्या पानावरच्या वधू-वर जाहिराती उलट्या दिसतात. मी तो खिडकीच्या काचेला लावून मागून उजेड येऊ दिला आणि काढला, बास, दुसरं काही केलं नाही. प्रदर्शनात लोक सगळ्यात जास्त वेळ त्याच्यापुढे उभे होते.

उलटा प्रवाससुद्धा विसरू नको. दोन पौंडी दह्याचा अमेरिकन डबा, त्याच्यात फ्रीजरला आमटी, वर मास्किंग टेपवर 'आमटी, चिंच-गूळ' असं बॉलपेनने. हे तिथल्या प्रत्येक मराठी फ्रीजरमध्ये आहे आणि कोणी याचा फोटो काढत नाही कारण ते लाजिरवाणं वाटतं. सासूबाईंच्या फ्रीजरचं दार उघडं ठेवून वरून एक फोटो काढ, पटकन, धुकं जमायच्या आत, आणि काही हलवू नकोस. त्या टेपवरचं अक्षर जपून ठेव. माझ्या आईच्या हातची दोन लेबलं माझ्याकडे आहेत, एकावर 'भाजणी' आणि एकावर नुसतंच 'जपून'.

उजेडाबद्दल विचारलंयस. तुझा दोन सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणाऱ्या कापडी पेट्या) दोन्ही बाजूला हा सेटअप चुण्या मारून टाकतो, सावलीच राहत नाही. एकच लाइट घे, टेबलाच्या पातळीला जवळजवळ टेकवून, दहा-पंधरा अंशात, म्हणजे प्रत्येक घडीची लांब सावली पडेल. उलट्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा कर, पण लांब. उत्तरेची खिडकी असेल तर लाइटसुद्धा नको. चकाकणाऱ्या प्लास्टिकवर लाइट आणि लेन्स दोन्हीवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावून एकमेकांना आडवे फिरवले की चकाकी जाते आणि छपाईचा रंग छान येतो, पण चंदेरी फॉइलवर हे करू नकोस, धातूवरून परतलेला उजेड पोलराइज्डच राहतो आणि मग चांदी काळीकुट्ट दिसते. फॉइलला मोठा पसरट उजेड लागतो, लाइटपुढे मोठा बटर पेपर ताण, त्याचंच प्रतिबिंब फॉइलमध्ये पडू दे. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ८ ते ११ च्या पुढे जाऊ नको, ९० किंवा १०० ची मॅक्रो असेल तर उत्तम, नसेल तरी चालतं. ग्रे कार्डाचा, म्हणजे रंग जुळवायच्या करड्या पुठ्ठ्याचा, फोटो मात्र प्रत्येक सेटअपला एकदा काढ, नाहीतर हळदीचा पिवळा आणि जुन्या प्लास्टिकचा पिवळा यातला फरक नंतर कॉम्प्युटरवर सापडत नाही. आणि तो केशरी 'जुन्या काळाचा' फिल्टर काढून टाक ग. या वस्तूंना वय आहे, वरून फासायची गरज नाही.

स्कॅनरवर पण करून बघ. जुना, जाडजूड सीसीडी सेन्सरवाला फ्लॅटबेड (सपाट काचेचा स्कॅनर) असेल तर काचेपासून काही मिलिमीटर वरपर्यंत शार्प येतं, घडीचा उंचवटा दिसतो, नव्या पातळ स्कॅनरला तेवढी खोली नसते. झाकण उघडं ठेवून अंधाऱ्या खोलीत स्कॅन केलं की मागे आपोआप काळं येतं. ६०० पीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) मोठा प्रिंट निघतो. रंग न उडणाऱ्या पिगमेंट शाईचा, कॉटन रॅग कागदावरचा प्रिंट घे, ग्लॉसी नको, पाकीट स्वतःच चकाकतं.

मला मनापासून वाटतं की तू एकदा हळदीचे प्रिंट करून बघावेस. वनस्पतींच्या रंगातून फोटो छापायची ही रीत जुनी आहे, इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये यावर लिहिलं होतं. हळद पूड स्पिरिटमध्ये भिजवायची, कॉफीच्या फिल्टरमधून गाळायची, मंद उजेडात जाड वॉटरकलर कागदावर ब्रशने लावायची, वाळली की वर पाकिटाच्या फोटोची पारदर्शक पॉझिटिव्ह फिल्म आणि काच, आणि कडक उन्हात दोन-तीन तास, ढगाळ असेल तर आणखी. जिथे ऊन लागतं तिथली हळद उडते, काळ्या भागाखालची राहते. मग टाकणखाराच्या पाण्यात बुडवलं की पिवळं चित्र डोळ्यांदेखत लालसर तपकिरी होतं. तिकडे टाकणखार कपडे धुण्याच्या साबणांच्या रांगेत बोरॅक्स म्हणून मिळतो, हातमोजे घाल. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, अगं हे तर कुंकू! खरंच आहे, पूर्वी घरी कुंकू करायचे ते हळद, टाकणखार आणि लिंबाच्या रसातूनच. म्हणजे हळदीच्या पाकिटाचं चित्र त्याच पाकिटातल्या उरलेल्या हळदीने छापता येतं. हे प्रिंट टिकत नाहीत, उजेडात फिके होत जातात, म्हणून प्रदर्शनात मी त्यांच्यावर काळं कापड लावते, बघणाऱ्याने उचलून बघायचं आणि परत सोडायचं. याच कारणासाठी हळदीचे डाग असलेलं मूळ पाकीट खिडकीत उन्हात ठेवून फोटो काढत बसू नको, डाग उडून जाईल.

फोटोग्राफर प्रिया कांबळी यांचं काम शोधून बघ, त्या मिसुरीतल्या ट्रूमन स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवतात. आई-वडील गेल्यावर अठराव्या वर्षी अमेरिकेला निघताना त्यांनी आणि बहिणीने घरचे फोटो अर्धे-अर्धे वाटून घेतले, आणि त्यातल्या काही फोटोंत त्यांच्या आईने स्वतःचा चेहरा भोकं पाडून काढून टाकलेला होता. कांबळी त्याच फोटोंवर पिठासारख्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी काम करतात. त्यांचा विषय पाकिटं नाही, पण वस्तू खराब झालीये ती तशीच स्वीकारून पुढे कसं जायचं ते तिथे शिकता येतं.

जपणुकीचं पटकन सांगते. पीव्हीसीच्या स्लीव्हज नको, पॉलिएस्टरच्या घे, कागदी पुड्या ॲसिडविरहित कागदात. तेलकट पाकीट पाण्याने धुवायचं नाही, मऊ ब्रशने पूड झाडायची आणि ती पूड छोट्या पुडीत त्याच्यासोबत ठेवायची. बेसमेंट दमट असेल तर डबे आधी वर आण, कसर लागते. ट्रेडमार्कची भीती तू फार घेतलीयेस, विकत घेतलेल्या वस्तूचा कलेसाठी फोटो काढून प्रदर्शनात लावणं वेगळं आणि त्याच लोगोचे टी-शर्ट विकणं वेगळं, पुस्तक छापायची वेळ आली की एकदा वकिलाला दाखव. सासूबाईंच्या हस्ताक्षराचा आणि आवाजाचा वापर करायची परवानगी मात्र त्यांच्याकडून नीट मागून घे, सून आहेस म्हणून गृहीत धरू नकोस.

आणि त्यांच्याशी बोलताना 'तुम्हाला याच्याशी काय आठवतं' असं विचारू नको. मी सुरुवातीला सगळ्यांना हेच विचारायचे आणि सगळ्या बायका एकच उत्तर द्यायच्या, छान दिवस होते. त्याऐवजी पाकीट हातात दे आणि विचार, हे कुठे ठेवायचात, कोणत्या कप्प्यात, कोण आणायचं, किती दिवस पुरवलं, शेवटचा चमचा कशात घातला. पुरवलं या शब्दावर बोलणं सुरू होतं. एका बाईंनी मला सांगितलं की बहिणीने पाठवलेला गोडा मसाला त्यांनी चौदा महिने पुरवला, शेवटी शेवटी पाकीट उलटं करून त्यात गरम पाणी घालून विसळलं आणि ते आमटीत ओतलं. त्या पाकिटाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेघा आहेत. मी पाकीट शिवणीतून उलगडून आतूनच फोटो काढला, बाहेरचा ब्रँड त्यात दिसतच नाही.

तर आता पुढच्या रविवारी कॅमेरा घरी ठेवून जा. दोन्ही डबे त्यांच्यासमोर जमिनीवर उपडे कर, फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि त्यांना हवं त्या क्रमाने लावू दे, तू मध्ये पडू नकोस. त्या लावतील तो क्रम वरून फोनने एकदा काढून ठेव आणि मला पाठव. रबरबँड सापडला तर तोसुद्धा त्या रेघेवर परत चढव.